क्रॉमफर्डची नॉर्थ स्ट्रीट : वारसा यादीतील गिरणी कामगारांच्या घरांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही घरे कोठे आहेत आणि ती कोणी बांधली?

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात, डर्वेंट नदीच्या खोऱ्यात, मॅटलॉकच्या दक्षिणेस क्रॉमफर्ड हे छोटे गाव आहे. या गावात रिचर्ड आर्कराइट (१७३२–१७९२) याने १७७१ मध्ये पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी उभारण्यास सुरुवात केली आणि पुढे, १७७६ च्या सुमारास, गिरणीपासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर कामगारांसाठी घरांची एक गल्ली बांधून घेतली. हीच नॉर्थ स्ट्रीट. समोरासमोर उभ्या असलेल्या तीन मजली दगडी घरांच्या दोन रांगा, मध्ये सरळ रस्ता आणि टोकाला शाळा, असे तिचे आजचे रूप आहे. त्या वेळचे पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांच्यावरून गल्लीला हे नाव पडले असे मानले जाते.

आर्कराइट हा प्रेस्टनमधील एका शिंप्याचा मुलगा. त्याने न्हाव्याचा आणि केसांचे टोप बनवण्याचा व्यवसाय केला होता. रुळांच्या जोड्यांमधून कापसाची पेळू ओढत नेऊन तिला पीळ देणाऱ्या सूतकताई यंत्राचे पेटंट त्याने १७६९ मध्ये मिळवले. हे यंत्र पुढे ‘वॉटर फ्रेम’ या नावाने प्रसिद्ध झाले. भांडवलासाठी त्याने नॉटिंगहॅमचा सॅम्युअल नीड आणि डर्बीचा जेडेडाया स्ट्रट या मोज्यांच्या धंद्यातील दोन व्यापाऱ्यांशी भागीदारी केली.

साध्या कामगारांच्या घरांना एवढे महत्त्व कशासाठी?

राजवाडे, चर्च आणि सरदारांच्या हवेल्या यांचे जतन व्हावे हे कोणालाही पटते, पण एका मजल्यावर एकच खोली असलेल्या घरासाठी संरक्षक कायदा कशाला, अशी शंका अनेकांना येते. औद्योगिक काळातील कुटुंब कसे घडवले गेले, याचा दगडात उरलेला पुरावा या घरांत आहे, असे आमचे म्हणणे आहे. गिरणीतील यंत्रे केव्हाच भंगारात गेली, कामगारांपैकी फार थोड्यांनी स्वतःविषयी काही लिहून ठेवले आणि हिशेबाच्या वह्यांत त्यांची नावे आली तरी त्यांचे जगणे आले नाही. घराच्या खोल्या, जिने आणि खिडक्या मात्र ते जगणे अजून दाखवतात.

नॉर्थ स्ट्रीटचा उल्लेख अनेकदा जगातील पहिली नियोजित कामगार-वसाहत असा केला जातो. ‘पहिली’ हे विशेषण इतिहासात जपून वापरावे लागते. तरीही कारखानदाराने आपल्या कामगारांसाठी आखून, एकसारखी आणि चांगल्या प्रतीची घरे रांगेत बांधल्याच्या सर्वांत जुन्या उदाहरणांत तिची गणना होते, याविषयी दुमत नाही.

गिरणीसाठी क्रॉमफर्डसारखे आडबाजूचे गाव का निवडले?

त्याचे मुख्य कारण पाणी होते. या भागात शिशाच्या खाणी होत्या आणि त्यांत साचणारे पाणी बाहेर काढण्यासाठी डोंगराच्या पोटातून निचऱ्याचे बोगदे खोदलेले होते. क्रॉमफर्ड सफ नावाच्या अशाच एका बोगद्यातून वर्षभर पाणी येत असे. ते भूगर्भातून येत असल्यामुळे किंचित कोमट असे आणि कडाक्याच्या थंडीतही गोठत नसे. बॉनसॉल ओढ्याच्या प्रवाहाची त्याला जोड मिळाली आणि चाके बारा महिने फिरती ठेवण्याची सोय झाली.

अडचण होती ती माणसांची. गावात वस्ती विरळ होती आणि पुरुष मुख्यतः खाणींत काम करीत. १७७१ च्या डिसेंबरमध्ये डर्बीच्या वृत्तपत्रात आर्कराइटने जाहिरात दिली. तीत घड्याळजी, लोहार आणि लाकूड कातणारे कारागीर मागितले होते, आसपासच्या विणकरांना काम देऊ केले होते आणि स्त्रिया व मुले यांनाही रोजगार मिळेल असे कळवले होते. पुढची घरे का बांधली गेली, याचे उत्तर या एका जाहिरातीत मिळते. कारागीर हवे होते, विणकर हवे होते आणि त्यांच्याबरोबर त्यांचे सारे कुटुंबही हवे होते. नोकरीसाठी अनोळखी दरीत बिऱ्हाड हलवायला मोठे कुटुंब तयार व्हायचे तर त्याला राहायला नीटस घर दाखवणे भाग होते.

घरांची रचना कशी आहे?

प्रत्येक घर तीन मजल्यांचे असून मूळ आराखड्यात प्रत्येक मजल्यावर एकच खोली होती. तळमजल्याच्या खोलीत चूल असे. तेथेच स्वयंपाक, जेवण, बसणे-उठणे आणि हिवाळ्यात शेकणे होई. मधला मजला झोपण्यासाठी होता. सर्वांत वरचा मजला मात्र कामासाठी राखलेला होता आणि या घरांचे वेगळेपण तेथेच आहे. उजेड भरपूर यावा म्हणून त्या मजल्याच्या खिडक्या रुंद केल्या आहेत आणि उभ्या दगडी दांड्यांनी त्यांचे भाग पाडले आहेत. खालून पाहणाऱ्याचे लक्ष आधी या खिडक्यांकडेच जाते. मजले जोडणारे जिने अरुंद आणि उभ्या चढाचे आहेत.

बांधकाम स्थानिक वालुकाश्माचे आहे. इंग्रजीत ज्याला ग्रिटस्टोन म्हणतात तो हा भरड, टणक दगड. याच डोंगररांगांत त्या दगडापासून दळणाची जातीही घडवली जात. भिंतींचा मुख्य भाग साध्या फोडलेल्या दगडांचा असून दारे-खिडक्यांच्या चौकटींना घडीव दगड वापरले आहेत. आर्कराइटने खर्च कोठे केला आणि कोठे हात आखडता घेतला, हे या फरकातून दिसते. कोरीव काम नाही, नक्षी नाही, परंतु प्रमाणे नेटकी आहेत, भिंती भक्कम आहेत आणि दोन्ही रांगा एकाच हाताने आखल्यासारख्या एकसंध आहेत. त्याच काळातील शेतमजुरांच्या किंवा खाणकामगारांच्या एक-दोन खोल्यांच्या, बसक्या झोपड्यांशी तुलना केली, तर येथे राहायला येणाऱ्यांना हे घर निश्चितच वरच्या दर्जाचे वाटले असणार.

रांगेतील शेजारच्या घरांची मधली भिंत सामाईक आहे. तीमुळे दगड वाचला आणि उष्णताही टिकली. घरामागे छोटी परसबाग होती. काही बिऱ्हाडांना थोड्या अंतरावर भाजीपाल्यासाठी वेगळा तुकडा आणि डुकरासाठी खोपटे मिळे. पाळलेल्या डुकराचे खारवलेले मांस हिवाळ्यात घराला पुरवठ्यास येई, त्यामुळे ही सोय मोलाची होती.

वरच्या मजल्यावर नेमके काय चाले?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याच्या उत्तराला भारताचा संदर्भ आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभी भारतातून जाणाऱ्या रंगीत, छापील सुती कापडाने इंग्लंडची बाजारपेठ व्यापली होती. तेथील लोकर आणि रेशीम व्यवसायातील लोकांनी केलेल्या दबावामुळे १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी आली. इंग्लंडमध्ये जे ‘सुती’ कापड विणले जाई त्यात ताणा (उभे धागे) बहुधा जवसाच्या झाडापासून काढलेल्या धाग्याचा असे आणि बाणा (आडवे धागे) तेवढा कापसाचा, कारण हातचरख्यावर तेथे निघणारे सूत ताण्याचा ताण सोसण्याइतके मजबूत नव्हते. वॉटर फ्रेमने ही अडचण दूर केली. तिचे सूत घट्ट पिळाचे आणि बळकट असल्यामुळे ताणा आणि बाणा दोन्ही कापसाचे ठेवता येऊ लागले आणि कॅलिको या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भारतीय सुती कापडाच्या धर्तीचे शुद्ध सुती कापड इंग्लंडमध्येच विणणे शक्य झाले. आता आडवा येत होता तो जुना कायदा. आर्कराइट आणि त्याच्या भागीदारांनी पार्लमेंटकडे दाद मागितली आणि १७७४ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झालेल्या शुद्ध सुती कापडाला परवानगी मिळाली. ते परदेशी कापडापासून वेगळे ओळखू यावे म्हणून त्याच्या काठात तीन निळे धागे विणण्याची अटही घालण्यात आली.

या कायद्यानंतर दोनच वर्षांच्या आसपास नॉर्थ स्ट्रीट उभी राहिली, हे ध्यानात घेतले म्हणजे वरच्या मजल्याचा उलगडा होतो. गिरणीत सूत निघत होते, परंतु विणकाम अजून हातमागावरच होत होते. यंत्रमाग व्यवहारात रुळायला आणखी काही दशके जायची होती. म्हणून विणकराला घर देताना त्याच घरात मागासाठी उजेडाची खोली दिली गेली. भागीदार मोज्यांच्या धंद्यातील असल्याने काही माळ्यांवर मोजे विणण्याच्या चौकटीही चालत असाव्यात, असे मत मांडले जाते. डर्बीशायरमध्ये तो धंदा सर्वत्र होता, त्यामुळे ते संभवनीय वाटते. दोन्हींपैकी काहीही असो, रुंद खिडक्यांचा हेतू एकच होता. दिवसाचा उजेड जितका अधिक मिळेल तितके काम अधिक होणार होते.

घराच्या आराखड्यातच कुटुंबाच्या श्रमाची वाटणी केलेली होती. बाप वरच्या मजल्यावर विणणार, आई आणि मुले गिरणीत कातणार. गिरणीमालकाने निवाऱ्यासाठी जे बांधले ते उत्पादनाचे एक खातेही होते, आणि या वास्तूकडे पाहताना तिची ही दोन्ही अंगे एकत्र पाहिली पाहिजेत.

रहिवाशांचा दिवस कसा असे?

गिरणी दिवस आणि रात्र अशा दोन पाळ्यांत चाले आणि पाळी साधारण बारा तासांची असे. आपल्याकडे गिरणगावात जे काम भोंग्याने केले ते क्रॉमफर्डमध्ये घंटा करीत असे. पहाटे घंटा वाजली की गल्ली जागी होई. सहाला फाटक बंद होई आणि उशिरा येणाऱ्याला बाहेर राहावे लागे, शिवाय पगारही बुडे. शेतीच्या आणि ऋतूंच्या गतीने जगत आलेल्या माणसांना घड्याळाच्या काट्यावर आणण्याचे हे काम किती कठोर असेल, याची कल्पना करता येते.

कामगारांत मुलांची संख्या मोठी होती. आरंभी सात वर्षांची मुलेही कामावर घेतली जात. पुढे ही मर्यादा दहा वर्षांवर गेली. तुटलेले धागे जोडणे, बॉबिन बदलणे, यंत्राखाली साचलेला कापूस झाडणे अशी कामे त्यांच्याकडे असत. या घरांच्या नीटसपणाचे कौतुक करताना ही बाजू लपवणे योग्य नाही. मजबूत भिंती आणि परसबाग यांच्या बदल्यात कुटुंबाने आपल्या लेकरांचे बालपण गिरणीला दिले. घराचा मालक आणि कामाचा मालक एकच असल्यामुळे तक्रार करण्याची मोकळीकही फारशी नव्हती, कारण नोकरीबरोबर छप्परही जाण्याची भीती होती.

टोकाची शाळा त्याच काळातील आहे का?

नाही. शाळेची इमारत १८३२ मधील असून ती आर्कराइट घराण्याच्या पुढील पिढीच्या काळात गिरणीत काम करणाऱ्या मुलांसाठी बांधली गेली. तेथे आजही प्राथमिक शाळा भरते.

आर्कराइटने गावात आणखी काय उभारले?

१७७६ मध्ये दुसरी गिरणी, १७७८ मध्ये ग्रेहाउंड हे मोठे पांथस्थगृह आणि १७८३ मध्ये डर्वेंटच्या काठी लाल विटांची मॅसन गिरणी उभी राहिली. १७९० पासून गावात आठवड्याचा बाजार भरू लागला. क्रॉमफर्ड कालवा १७९४ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर, खुला झाला. चर्चही त्यानंतरचेच. घरे, बाजार, दारूचा गुत्ता, प्रार्थनास्थळ आणि काम एकाच छत्राखाली आणणाऱ्या गिरणी-गावाचा नमुना येथे आकाराला आला. त्याचे अनुकरण याच खोऱ्यातील बेल्परला स्ट्रट घराण्याने केले. १७९० च्या दशकातील तेथील ‘लाँग रो’ ही घरांची रांग मुद्दाम पाहण्यासारखी आहे. जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळ रॅटिंगेन येथे १७८३ मध्ये उभ्या राहिलेल्या सूतगिरणीला तर ‘क्रॉमफर्ड’ हेच नाव देण्यात आले.

गिरणी बंद पडल्यावर घरांचे काय झाले?

ज्या पाण्याने गिरणी घडवली त्यानेच तिला संपवले. शिशाच्या खाणी अधिक खोल गेल्या, त्यांच्यासाठी खालच्या पातळीवर नवा बोगदा निघाला आणि १८४० च्या दशकात क्रॉमफर्ड सफचे पाणी आटले. सूतकताई मंदावत गेली आणि पुढे गिरणीच्या इमारतींत मद्यनिर्मिती, धुलाईचा कारखाना, रंगद्रव्यांचा कारखाना असे वेगवेगळे उद्योग आले. यंत्रमागांनी हातविणकाम संपवल्यावर नॉर्थ स्ट्रीटचे माळेही शांत झाले आणि तेथे मुलांचे बिछाने पडू लागले. गल्लीत मात्र वस्ती कायम राहिली, आणि वास्तू टिकण्याचे हे एक मोठे कारण आहे. राहत्या घराचे छप्पर गळू लागले तर कोणीतरी ते दुरुस्त करतेच.

ही घरे पाडली जाणार होती, हे खरे आहे का?

होय. विसाव्या शतकात जुनी कामगार-घरे आरोग्याला अपायकारक ठरवून सरसकट पाडण्याचे धोरण इंग्लंडभर राबवले गेले आणि नॉर्थ स्ट्रीटवरही ते संकट आले होते. १९७१ मध्ये गिरणीच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने आर्कराइट सोसायटी स्थापन झाली आणि खोऱ्याच्या औद्योगिक वारशाकडे लक्ष वेधले गेले. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या लँडमार्क ट्रस्ट या संस्थेने १९७० च्या दशकात गल्लीतील काही घरे विकत घेऊन दुरुस्त केली. संकटातील वास्तू घ्यायची, जपून दुरुस्त करायची आणि पाहुण्यांना मुक्कामासाठी भाड्याने देऊन तिचा खर्च भागवायचा, अशी या संस्थेची पद्धत आहे. नॉर्थ स्ट्रीटवरील एक घर तिने अशा मुक्कामासाठी ठेवले. लोकांनी राहती ठेवलेली गल्ली हेच जतनाचे सर्वांत शहाणे रूप आहे, असे आम्हाला वाटते.

वारसा यादीत असणे म्हणजे नेमके काय?

इंग्लंडमध्ये ऐतिहासिक इमारतींच्या राष्ट्रीय यादीत नाव आले की तिला कायद्याचे संरक्षण मिळते. इमारत पाडणे, वाढवणे किंवा तिचे वैशिष्ट्य बदलेल असा कोणताही फेरफार करणे यांसाठी नियोजन अधिकाऱ्यांची स्वतंत्र परवानगी लागते आणि ती न घेता काम केल्यास तो फौजदारी गुन्हा ठरतो. हे संरक्षण दर्शनी भागापुरते नसते, आतील जिना, चूल आणि खिडक्यांनाही ते लागू होते. मालकी मात्र खासगी राहू शकते आणि नॉर्थ स्ट्रीटवर ती बहुतांशी तशीच आहे.

याशिवाय मॅटलॉक बाथपासून डर्बीपर्यंतच्या सुमारे २४ किलोमीटरच्या पट्ट्यातील गिरण्या व वसाहती २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. त्यात ही गल्ली समाविष्ट आहे. युनेस्कोने निव्वळ गिरण्या न निवडता कामगारांच्या घरांसह संपूर्ण खोरे निवडले, ही गोष्ट आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते.

अशा घरांची दुरुस्ती करताना कोणती काळजी घ्यावी लागते?

सर्वांत मोठी काळजी चुन्याची. अठराव्या शतकातील दगडी भिंती चुन्याच्या दर्जांवर, म्हणजे दगडांमधील चुन्याने भरलेल्या सांध्यांवर, उभ्या आहेत. चुना मऊ आणि सच्छिद्र असतो, त्यामुळे भिंतीत शिरलेली ओल दर्जांमधून बाहेर पडते आणि भिंतीच्या किंचित हालचालीही तो सामावून घेतो. दर्जांत सिमेंट भरले की ओलीची वाट बंद होते, ती दगडातूनच बाहेर पडू पाहते, थंडीत तेथेच गोठते आणि दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. सिमेंटची दुरुस्ती पहिली काही वर्षे भक्कम दिसते आणि म्हणूनच ती अधिक घातक ठरते. आपल्याकडील वाडे आणि देवळे यांच्या दुरुस्तीतही हीच चूक वारंवार होते, त्यामुळे हा मुद्दा महाराष्ट्रातील वाचकांनी मनावर घ्यावा अशी आमची विनंती आहे.

खिडक्यांबाबतही तसाच मोह होतो. थंडी अडवण्यासाठी जुन्या चौकटी काढून प्लॅस्टिकच्या बसवल्या, तर रांगेची सारी प्रमाणे बिघडतात. एका घराने केलेला बदल गल्लीभर दिसतो.

मुंबईच्या गिरणगावातील चाळींशी या घरांचे काही नाते आहे का?

वास्तुरचनेचे थेट नाते नाही, उद्योगाचे आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली तेव्हा तिची यंत्रे इंग्लंडमधून आली, आणि क्रॉमफर्डमध्ये रुजलेली पाळी, फाटक आणि खात्यांची शिस्तही गिरण्यांबरोबर येथे आली. घरांच्या बाबतीत मात्र वाटा वेगळ्या झाल्या. आर्कराइटला कुटुंबे हवी होती, म्हणून त्याने कुटुंबाचे घर बांधले. मुंबईत कोकणातून आणि घाटावरून प्रामुख्याने पुरुष आले, बायका-मुले गावी शेतीवर राहिली, आणि एकेका खोलीत अनेक जण पाळीपाळीने झोपून खानावळीत जेवू लागले. बहुतेक गिरणीमालकांनी निवाऱ्याची जबाबदारी उचललीच नाही, ती खासगी चाळमालकांवर आणि पुढे सरकारवर पडली. १९२० च्या दशकात मुंबई विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बांधलेल्या २०७ बीडीडी चाळी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. १६० चौरस फुटांच्या त्या खोल्यांत पिढ्यानपिढ्या वाढल्या.

त्या चाळींचा आता पुनर्विकास होत आहे आणि रहिवाशांना मोठे, स्वतःचे घर मिळणे हा त्यांचा हक्कच आहे. त्या खोल्यांची मापे, गॅलऱ्या, सामाईक नळ आणि माळे यांची काटेकोर नोंद मात्र पाडकामाआधी व्हायला हवी. नॉर्थ स्ट्रीटविषयी आज इतके बोलता येते ते तिच्या भिंती उभ्या आहेत म्हणून.

ही गल्ली पाहता येते का?

येते. डर्बीहून डर्वेंट खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर क्रॉमफर्ड स्थानक आहे. तेथून गिरणी आणि गाव चालत गाठता येते. आधी गिरणीचे आवार पाहावे, मग बाजारपेठेवरून नॉर्थ स्ट्रीटकडे जावे, म्हणजे कामगारांची रोजची वाट उलट्या दिशेने चालून होते. रस्ता सार्वजनिक आहे, परंतु घरांत लोक राहतात, त्यामुळे खिडक्यांतून आत डोकावणे किंवा दारात उभे राहून छायाचित्रे काढणे टाळावे. शाळेच्या वेळेत मुलांची वर्दळ असते, तेव्हा गाडी गल्लीत न नेता बाहेरच ठेवावी.